आई पाण्याला गेली

के. आर. पुरम, बेंगळूरु
२० ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यश्रीस अज्जाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, बाळ, रागावू नकोस. तुझं पत्र गणपती उठले तेव्हाच आलं होतं. रोज लिहायला बसायचो आणि रोज काहीतरी निघायचं. कधी चष्मा सापडायचा नाही, कधी पेन रुसायचं. खरं सांगायचं तर तुझ्या प्रश्नांची मला धास्ती वाटली. मी कन्नड शाळेत सातवीपर्यंत गेलेला माणूस. मराठी अक्षरं बाबांनी पाटीवर गिरवून घेतली, तीच पुढे तुला शिकवली. जन्मभर फोटोंना चौकटी केल्या. आणि तू पर्यावरणाचा कायदा शिकायला नेदरलँड्सला जाऊन मलाच विचारतेस, "अज्जा, आपली केरे पूर्वी कुठपर्यंत होती?" मला वाटलं, चुकीचं लिहिलं तर पोरीचे मार्क जातील.

मंजुनाथ म्हणतो, "अप्पा, फोनवर सांगून टाका ना." तुझ्या बापाला कसं कळणार? फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं मी घाबरून विसरतो. पत्रच बरं. वरच्या मजल्यावरची पवित्रा त्याचा फोटो काढून तुला पाठवते. तुझं पत्र आलं की दुकानातून छापून आणते. गुणी आहे, फक्त जिना फार धडधड उतरते.

तर केरेचं. तळ्याचं पाणी आता पार पश्चिमेला गेलंय. पण काठावरचा आपला अंबाबाईचा दगड तुला ठाऊकच आहे. गुडघ्याएवढा, शेंदूर लावलेला. दसऱ्याला आपण तिथे नारळ फोडतो. केरेचं पाणी आईच्या पायाला लागलं पाहिजे, तरच पूजा पुरी. हल्ली पाणी लांब गेलंय म्हणून मंजू तांब्या भरून आणतो आणि पायावर ओततो. या वर्षीही तसंच केलं. तुझ्या नावाने एक तांब्या जास्त ओतला.

तिकडे सायकल चालवतेस म्हणे. रस्ता ओला असेल तर उतरून चालत जा. गरम काहीतरी खा. उत्तर लवकर पाठव.

तुझा अज्जा,
हंबीरराव

*

उट्रेख्त
१५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अज्जांस साष्टांग नमस्कार.

अज्जा, तुमच्या पत्राने माझा अख्खा प्रबंध उभा केला! दगडाची गोष्ट वाचून मी खोलीत एकटीच नाचले. खालच्या मजल्यावरच्या मुलीने छताला झाडू ठोकला.

सांगते का ते. या देशाची निम्मी जमीन पाण्याशी भांडून मिळवलेली. कालव्यांच्या भिंतींत जुने दगड बसवलेत, पाणी कुठवर चढू द्यायचं त्याची खूण म्हणून. शेकडो वर्षांपूर्वीचा दगड अजून तिथेच, आणि वाद झाला की आजही त्याच्याकडे बोट दाखवतात. आमच्या प्रोफेसर बाईंनी आम्हाला ते बघायला नेलं होतं. मी म्हटलं, "आमच्या केरेवरही असा एक दगड आहे." केरे म्हणजे तळं, हे आधी सांगावं लागलं. बाई लगेच म्हणाल्या, "मग यावरच लिही."

आणि हे नुसतं मार्कांसाठी नाही. केरेच्या पूर्वेचं मोकळं मैदान आहे ना, मुलं क्रिकेट खेळतात ते? एका बांधकाम कंपनीला तिथे इमारती बांधायच्या आहेत. ते म्हणतात, ही जागा कधीच केरेत नव्हती, आजचं पाणी आहे तोच काठ. आता हद्द ठरवायला सरकारने समिती नेमलीय. केरे वाचवणाऱ्या मंडळातला अभिजीत माझ्याकडे अभ्यास मागतोय. जुने नकाशे मिळत नाहीत, मिळतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. पण दगड तर आहे!

म्हणून दोनच प्रश्न. दगड किती जुना? आणि तो तिथे कुणी बसवला? आठवेल तसं लिहा. मार्क जाणार नाहीत, उलट येतील.

सायकल नीट चालवते. चिंच आणून हुळीअन्न केलं, भात तुमच्यासारखा आंबट झाला नाही.

तुमची
दिव्या

*

के. आर. पुरम
१९ जानेवारी २०२५

चि. दिव्यश्रीस आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. थंडीने गुडघा धरला होता. संक्रांतीला तुझा बाप मला भागुअक्काकडे मल्लेश्वरमला घेऊन गेला. माझी थोरली बहीण म्हणजे आपल्या घराण्याची आठवण. तिला विचारूनच लिहितो, म्हणजे चूक नको.

दगड कुणी आणला, तर आपल्या पूर्वजांनी. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आपली माणसं इकडे आली, तेव्हा गाडीत घालून आई आणली असं बाबा सांगत. केरे पाहिली आणि तिला काठावर बसवली. तेव्हापासून एक दसरा चुकलेला नाही. माझ्या आजोबांनी केली, बाबांनी केली, माझ्या थोरल्या भावाने, गुंडोअण्णाने केली, आता मी. आई नेहमी काठावरच. हे तू खुशाल लिही.

अक्का या वयातही माझ्यावर खेकसते. तिळगूळ हातात दिला आणि म्हणाली, "गोड तर तू कधी बोलला नाहीस, निदान खा." आणखी काहीबाही सांगत होती, पण ते घरातलं आहे. तुझ्या कायद्याच्या कामाचं नाही.

मैदानावर इमारती येणार हे ऐकून मन उदास झालं. तू शिकलीस ते कामाला येईल असं दिसतंय. तुझं कॉलेजचं पत्र मी चौकट करून लावलंय, रोज पुसतो. उत्तर पाठव.

तुझा अज्जा

*

उट्रेख्त
१२ एप्रिल २०२५

तीर्थरूप अज्जांस साष्टांग नमस्कार.

बातमी आधी सांगते. समितीने माझा अभ्यास स्वीकारला! अभिजीतने मार्चमध्ये तो दाखल केला, आणि मागच्या आठवड्यात मोजणीवाल्यांनी दगडाच्या रेषेत खुंट्या ठोकल्या. आजच्या पाण्यापासून दगडापर्यंतची सगळी जागा, मैदानाची पश्चिमेकडची पट्टी धरून, केरेची ठरणार. गंमत म्हणजे कंपनीच्या वकिलांनीही मान्य केलं. इतक्या सहज मान्य करतील असं वाटलं नव्हतं.

सोबत प्रबंधाचं एक पान पाठवते. त्यात लिहिलंय, "हा दगड सुमारे चारशे वर्षं जागचा हललेला नाही. पाण्याचा काठ पूर्वी येथपर्यंत होता याचा तो जिवंत पुरावा आहे." खाली टीप आहे: "माहिती: हंबीरराव, वय ७९, केरेकाठचे जुने रहिवासी." अज्जा, तुमचं नाव उट्रेख्तच्या ग्रंथालयात राहणार.

बाई म्हणाल्या, "तुझे आजोबा हेच तुझं सगळ्यात चांगलं पुस्तक." मी त्यांना सांगितलं, पुस्तक जरा काळजीखोर आहे.

तुमची
दिव्या

*

के. आर. पुरम
६ मे २०२५

चि. दिव्यश्रीस आशीर्वाद.

पान मिळालं. पवित्राने वाचून अर्थ सांगितला. चौकट करून तुझ्या कॉलेजच्या पत्राशेजारी लावलं आहे. लोक येऊन बघतात.

इकडे सगळे खुशाल. ऊन फार आहे. एक विचारतो, उगीच विचारतो. असं छापलेलं नंतर बदलता येतं का? की एकदा झालं की झालं?

तुझा अज्जा

*

उट्रेख्त
८ मे २०२५

अज्जा, घाईत लिहिते. बदलता येतं, पण बदलायचं कशाला? जूनअखेर प्रबंध द्यायचा आहे. तुमच्या वयात चूक असेल तर तेवढंच कळवा, ८० करू का? उन्हात बाहेर पडू नका.

दिव्या

*

के. आर. पुरम
११ जुलै २०२५

चि. दिव्यश्रीस आशीर्वाद.

हे पत्र मी मे महिन्यात लिहायला हवं होतं. लिहिलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं आणि फाडलं. आता तुझा प्रबंध देऊन झाला असेल.

बाळ, दगड हलला आहे. आम्हीच हलवला आहे.

नीट सांगतो. आईच्या पायाला केरेचं पाणी लागलं पाहिजे हा आपला नेम, हे तुला लिहिलंच होतं. पण पाणी काही एका जागी थांबत नाही. पावसाळे कमी झाले, वरून येणारे ओहोळ बुजले, पाणी मागे गेलं. पाणी फार लांब गेलं की दसऱ्याच्या पहाटे घरातले थोरले पुरुष आईला उचलून नव्या काठावर नेत. थोरली लेक पुढे दिवा घेऊन चाले. तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि नंतर कुणी "हलवली" म्हणायचं नाही. सकाळी बायकामुलं उठली की त्यांना सांगायचं, "आई पाण्याला गेली." आपल्या पायांनी गेली, असंच मानायचं. मीही लहानपणी तसंच मानत होतो. पुढे गुंडोअण्णाबरोबर स्वतः उचलली, तरी मानतच राहिलो. हे तुला कसं समजेल ठाऊक नाही.

मला आठवते ती पहिली जागा पूर्वेच्या मैदानाच्या पार मध्यावर होती, जांभळाच्या झाडाजवळ. तिथून आई धोब्यांच्या दगडांपाशी आली. मंजू शाळेत असताना शेवटची, आता आहे तिथे आली. मग केरेला कुंपण पडलं, गुंडोअण्णा गेला, उचलायला कुणी उरलं नाही. म्हणून मंजू तांब्याने पाणी ओततो. तुझ्या जन्मापासून ती एकाच जागी आहे, म्हणून तुला वाटलं की ती कायमचीच तिथली. तुझी त्यात काय चूक?

संक्रांतीला अक्का काय म्हणाली ते आता लिहितो. ती म्हणाली, "हंब्या, पोरीला आईचं चालणं सांगितलंस का?" मी म्हटलं, "ते बोलायचं नसतं, अक्का." तर म्हणाली, "ते बाहेरच्यांना. नात काय बाहेरची आहे? मला घेऊन चल केरेवर. बाबांच्याही आधीची जागा आजीने मला दाखवली होती. ती तुला ठाऊक नाही. मी गेले की कुणालाच नाही." मी म्हटलं, थंडी सरू दे. मग म्हटलं, ऊन सरू दे. अक्का गेल्या महिन्यात गेली. तुझी परीक्षा होती म्हणून तुला कळवलं नाही. सगळ्यात जुनी जागा तिच्याबरोबर गेली.

तुझं पान आलं तेव्हा पवित्राने "जागचा हललेला नाही" असं वाचलं आणि हे चुकलंय हे मला तिथेच कळलं. पण त्याखाली माझं नाव होतं. माझं नाव आजवर फक्त रेशनकार्डावर छापलं गेलं होतं. मी चौकट केली. खुंट्यांपलीकडचं सगळं मैदान आता कंपनीचं. रोज त्या चौकटीकडे पाठ करून जेवतो.

तुझी पदवी जाईल का? मला शिव्या दे, पण कळव.

तुझा अज्जा

*

उट्रेख्त
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अज्जांस साष्टांग नमस्कार.

भागुअज्जीचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मला कळवायला हवं होतंत.

प्रबंध मी परत मागून घेतला. ते प्रकरण पुन्हा लिहायचं आहे. पदवी पुढच्या वर्षी मिळेल, खोली सोडून मैत्रिणीकडे राहते. त्याची काळजी करू नका. काळजी मैदानाची आहे.

बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आजोबांना प्रश्न विचारताना तू काय धरून चालली होतीस?" मी म्हटलं, "दगड हलत नाहीत असं." अज्जा, हे मी इथे येऊन शिकले. इथे दगड जागेवर राहतो आणि पाण्याला त्याच्यापाशी थांबवतात. आपल्या घरी पाणी मागे गेलं की देवीच त्याच्यामागे जाते, हे तुमच्या पहिल्याच पत्रात दडलेलं होतं. पायाला पाणी लागलं पाहिजे, असं लिहिलं होतं. मी ते वाचलं, टिपून घेतलं आणि पुढे गेले. तुम्ही का सांगितलं नाहीत हे मी विचारणार नाही. मी का विचारलं नाही, तेच मला टोचतं.

अभिजीतला कळवलं. तो त्याच दिवशी समितीकडे गेला. कंपनीचे वकील म्हणतात, साक्षीदार तोच आणि गोष्ट दुसरी. आता कळलं ते इतक्या सहज का कबूल झाले. त्यांना सगळंच मैदान केरेत जाईल अशी भीती होती, मी त्यांना स्वस्तात सोडवलं. हरकतींची मुदत संपलीय, पण समिती सप्टेंबरमध्ये एकदा तुमचं म्हणणं ऐकेल. कागद चालणार नाही. तुम्हाला स्वतः जाऊन तोंडाने सांगावं लागेल की दगड माणसांनी, हातांनी हलवला.

ते बोलायचं नसतं, हे मला आता कळलंय. म्हणून जा असं म्हणत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

काही दिवस मला पत्र लिहिता येईल असं वाटत नाही.

दिव्यश्री

*

के. आर. पुरम
५ ऑक्टोबर २०२५

चि. दिव्यश्रीस अज्जाचे अनेक आशीर्वाद.

या वेळी उशीर तुझ्याकडून आहे, पण मी कोणत्या तोंडाने बोलू? तू "दिव्या" न लिहिता "दिव्यश्री" लिहिलंस, ते मी सारखं सारखं वाचतो.

मी गेलो होतो. मंजूने इस्त्रीचा सदरा घातला मला. समितीत एक बाई अधिकारी होत्या, त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा, दगड कोणी सरकवला?" मंजूने पाणी दिलं. मग म्हटलं, "आम्हीच. मी आणि माझ्या भावाने. त्याआधी बाबांनी." कंपनीचा वकील उठला. म्हणाला, "अज्जा, तेव्हा खोटं सांगितलंत की आता सांगताय?" मी म्हटलं, "तेव्हा अर्धं सांगितलं. आता पुरं." तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे देवी चालते, असं लिहून घ्यायचं का?" मी म्हटलं, "लिहा. पण आम्ही चालवली, हेही लिहा." त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही जागा विचारल्या. त्याआधीची जागा कुठे, असंही विचारलं. मी म्हटलं, ती माझ्या अक्काबरोबर गेली. शेवटी "सरी, ठीक आहे, कळवू" म्हणाल्या. अजून काही कळवलेलं नाही. अभिजीत म्हणतो, फार आशा नको. खुंट्या आहेत तिथेच आहेत, आणि कंपनीने मैदानात पायासाठी मोठा खड्डा खणला आहे. जांभळाचं झाड तोडलं.

आता दसऱ्याचं. या वर्षी मी मंजूला सांगितलं, तांब्या घरीच ठेव. भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर, सगळ्यांच्या देखत आईला उचलून गाडीवर ठेवली. मंजू वाटभर, "अप्पा, स्वल्प हळू, स्वल्प हळू." पवित्रा दिवा घेऊन पुढे. थोरली लेक म्हणून खरं तर तू हवी होतीस. मी सगळ्या वाटेने मोठ्याने बोलत होतो. इथून अण्णाने उचलली, इथे बाबा ठेचकाळले, इथे धोबी धुवायचे. आयुष्यात पहिल्यांदा बोललो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं.

मैदानाच्या फाटकावर पहारेकरी होता, बेळगावकडचा, मराठी बोलणारा. म्हणाला, "अहो आजोबा, साहेब मला ओरडतील." मी म्हटलं, "तुला कशाला? मला ओरडू दे. मला तसंही ऐकू येत नाही." त्याने एकदा रस्त्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि गाडीला हात लावला.

जांभळाच्या बुंध्यापाशी आईला ठेवली. पुढे तो खड्डा. आणि दिव्या, महिनाभराच्या पावसाने तो काठोकाठ भरला होता. कुणी पाणी सोडलं नव्हतं, नळ नाही, काही नाही. जिथून केरे मागे गेली होती, तिथेच येऊन उभी होती. आईच्या पायाला पाणी लागलं. तांब्या लागला नाही.

मंजूने मोबाइलवर फोटो काढला, पवित्रा तो पाठवेल. समितीला दाखवून उपयोग होतो का ते तू बघ, मला त्यातलं कळत नाही. कंपनीची माणसं आईला उचलून पुन्हा कुंपणाबाहेर ठेवतील, कदाचित हे पत्र तुला मिळायच्या आतच. ठेवू देत. कुणी ठेवली ते या वेळी सगळ्यांनी पाहिलं असेल.

भिंतीवरच्या चौकटीतून तुझं ते पान काढलं आहे. चौकट रिकामी टांगली आहे. तू नवं लिहिशील ते त्यात लावीन. माझं नाव नसलं तरी चालेल. भागुअक्काचं घाल, जागा हरवली म्हणून तरी घाल.

थंडी पडायला लागली असेल. डोक्याला बांधत जा. आणि बाळ, दोन ओळी लिही. रागाच्या लिही, चालतील. जिन्यावर पवित्राची धडधड ऐकू आली की मी तिच्या आधी दार उघडतो. तिच्या हातात कागद नसला की ती बिचारी हळू उतरायला लागते. तिला असं हळू उतरायला लावू नकोस. लवकर लिही.

तुझा अज्जा,
हंबीरराव